बर्फाचा चाळीस वर्षांचा हिशेब

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही अंटार्क्टिकाचा उपग्रह-नकाशा भिंतीवर लावला होता. मध्ये करडे खंड, त्याभोवती जांभळ्या-गुलाबी रंगाचे रुंद कडे आणि त्याबाहेर निळा समुद्र. नववीला शिकवणाऱ्या एका बाईंनी तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाल्या, "हा वर्गात लावला तर पहिलाच प्रश्न येणार, तिथला बर्फ जांभळा असतो का? काय सांगायचं?" शेजारचे गुरुजी म्हणाले, "रंगाचं सोडा हो. बर्फ वितळतोय, एवढं सांगा म्हणजे झालं."

बाईंचा प्रश्न सोपा होता. अडचण गुरुजींच्या उत्तराने केली, कारण तो नकाशा सप्टेंबर २०१४ चा होता. त्या महिन्यात अंटार्क्टिकाभोवतीच्या सागरी बर्फाचा विस्तार उपग्रहांनी मोजायला सुरुवात केल्यापासूनचा सर्वाधिक होता.

या दोन्ही गोष्टींचा, म्हणजे रंगांचा आणि वितळण्याचा, छडा ज्यांच्या लेखनात लागतो त्या शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेच्या क्लेअर पार्किन्सन. त्यांचे १९९७ चे 'अर्थ फ्रॉम अबव्ह' हे पुस्तक, २०१९ चा त्यांचा एकटीचा गाजलेला शोधनिबंध आणि २०११ मध्ये त्यांच्या सहसंपादनाखाली निघालेला 'वुमेन ऑफ गोडार्ड' हा परिचयसंग्रह, या तिन्हींकडे शिक्षकाच्या नजरेने पाहावे, असा आमचा विचार आहे. केवळ गौरव करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. काही आक्षेपही आहेत.

आधी थोडी ओळख. पार्किन्सन यांचा जन्म १९४८ चा. वेलस्ली या मुलींच्या महाविद्यालयातून १९७० मध्ये त्या गणिताच्या पदवीधर झाल्या आणि १९७७ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातून हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. वॉरेन वॉशिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी सागरी बर्फाचे गणिती प्रारूप तयार केले, ते १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत, म्हणजे १९७८ मध्ये, त्या मेरीलँडमधील नासाच्या गोडार्ड केंद्रात रुजू झाल्या होत्या. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी तिथेच, बहुतांशी एकाच प्रश्नावर काढले. ध्रुवांजवळच्या समुद्रावर आज बर्फ किती आहे, आणि काल किती होता?

प्रश्न इतका साधा दिसतो की त्यात विज्ञान कुठे आहे, असे वाटावे. उपग्रहातून फोटो काढा आणि मोजा! पण ध्रुवावर सहा महिने रात्र असते आणि उरलेल्या काळात बऱ्याच वेळा ढग. साधा कॅमेरा तिथे आंधळा होतो. म्हणून डिसेंबर १९७२ मध्ये उडालेल्या निंबस-५ या उपग्रहावर सूक्ष्मतरंग टिपणारे एक उपकरण बसवलेले होते. ते स्वतः काही पाठवत नव्हते. पृथ्वीवरून आपोआप वर येणारे, १.५५ सेंटिमीटर तरंगलांबीचे प्रारण ते फक्त मोजत असे. हे प्रारण अंधारातही येते आणि ढगांतून बरेचसे पार होते.

इथे एक गंमत आहे, ती दहावीच्या मुलांनाही सांगता येईल. गोठणबिंदूवरचे समुद्राचे पाणी सुमारे २७१ केल्विन तापमानाला असते. त्यावरच्या बर्फाचा पृष्ठभाग त्याहून थंड, समजा २५५ केल्विन. तेव्हा उपकरणाला पाणी अधिक तेजस्वी दिसायला हवे. प्रत्यक्षात उलटे घडते. या तरंगलांबीला पाण्याची उत्सर्जनक्षमता निम्म्याहूनही कमी, ०.४५ च्या आसपास आहे, तर एका हिवाळ्याच्या बर्फाची ०.९ च्या वर. दोन गुणाकार करून पाहा. पाणी सुमारे १२० केल्विनचे 'दिसते' आणि बर्फ सुमारे २३५ चा. (मधले वातावरण यात थोडी भर घालते, पण फरक झाकला जात नाही.) थंड वस्तू उजळ आणि कोमट वस्तू काळोखी! एखाद्या चौकटीतून येणारा आकडा या दोहोंच्या बरोबर मधला असेल, तर तिथे अर्धे पाणी आणि अर्धा बर्फ आहे, असे मानता येते. सगळ्या मोजमापाचा पाया एवढाच आहे. बाकीचे चाळीस वर्षांचे काम त्यातल्या खाचखळग्यांचे.

याच उपकरणाने १९७४, १९७५ आणि १९७६ या तिन्ही हिवाळ्यांत अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बर्फाच्या मधोमध एक प्रचंड खुला पाणपट्टा दाखवला. त्याचा आकार दोन-अडीच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडा लहान. भर हिवाळ्यात जिथे घट्ट बर्फ असायला हवा, तिथे उघडा समुद्र. जहाजावरच्या माणसाला याचा एखादा कोपराच दिसला असता. त्या आकाराचा पट्टा पुन्हा दिसलेला नाही. २०१६ आणि २०१७ मध्ये त्याच भागात दिसलेले पट्टे बरेच लहान होते.

आता रंगांकडे येऊ. 'अर्थ फ्रॉम अबव्ह' हे पुस्तक विशेष शिक्षण नसलेल्या वाचकासाठी आहे. ओझोन, सागरी बर्फ, जमिनीवरचे हिमाच्छादन, समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान, वनस्पती आणि ज्वालामुखी हे विषय त्यात रंगसंकेत दिलेल्या उपग्रह-प्रतिमांच्या आधारे हाताळले आहेत. त्यातला सर्वांत मोलाचा धडा हा की अशी प्रतिमा फोटो नसते. तो आकड्यांचा तक्ता असतो आणि प्रत्येक आकड्याला एक रंग नेमून दिलेला असतो. जांभळा म्हणजे 'या चौकटीत जवळजवळ सगळा बर्फ', एवढेच. नेमणूक करणाऱ्याने उद्या हिरवा ठरवला, तर अंटार्क्टिका हिरव्या कड्यात दिसेल. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते, आणि ते एका वाक्यात मुलांना देता येते.

पण त्या काळच्या या रंगीबेरंगी नकाशांबद्दल आमची एक तक्रार आहे. इंद्रधनुष्याचे रंग ओळीने लावले की जिथे मूळ आकड्यांत हळूहळू उतार आहे, तिथे डोळ्याला काठ दिसतो. पिवळ्याचा हिरवा झाला की काहीतरी मोठे घडले असे वाटते, प्रत्यक्षात आकडा ५९ चा ६१ झालेला असतो. उलट एकाच रंगाच्या छटांमध्ये मोठे फरक झोपून जातात. वर्गात एखाद्या मुलाला लाल-हिरव्यातला भेद कळत नसेल, तर त्याची पंचाईत वेगळीच. आणि शाळेच्या झेरॉक्सवर काढलेली प्रत? तिच्यात जांभळा आणि हिरवा एकाच करड्या रंगात विरघळतात. शिक्षकांनी असा नकाशा वापरताना रंगपट्टी कापून टाकू नये. नकाशापेक्षा ती पट्टीच आधी शिकवावी.

पुस्तकाची दुसरी मर्यादा लेखिकेची नव्हे, काळाची आहे. १९९७ पर्यंतच्या नोंदींवर बदलाचा कल सांगताना सावध राहावे लागणे साहजिक होते. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, पार्किन्सन आणि सहकाऱ्यांनी १९७८ ते १९९६ या काळासाठी आर्क्टिकचा आकडा दिला. सागरी बर्फाचा विस्तार दरवर्षी सरासरी ३४,३०० चौरस किलोमीटरने घटत होता, अधिक-उणे ३,७००. हा 'अधिक-उणे' लक्षात ठेवावा, त्याचे पुढे काम आहे.

आता मुख्य मुद्दा. एका उपकरणाची नोंद दुसऱ्याला जोडायची कशी? समजा, तुमच्या शाळेत चाळीस वर्षांची पावसाची वही आहे. पण पर्जन्यमापक आधी गच्चीवर होता, मग मैदानात आला, मग तुटला म्हणून नवा आणला. पाऊस वाढला की मापक बदलला, हे कसे ठरवणार? उत्तर एकच. जुना आणि नवा काही दिवस शेजारीशेजारी ठेवायचा. उपग्रहांच्या बाबतीत हेच करावे लागते. ऑक्टोबर १९७८ मध्ये निंबस-७ गेला. त्यावरचे उपकरण अनेक तरंगलांब्यांवर मोजत असल्यामुळे नवा आणि जुना बर्फ वेगळा ओळखता येऊ लागला, जे निंबस-५ च्या एकाच तरंगलांबीला जमत नव्हते. आजची सलग नोंद १९७९ पासून धरतात ती या कारणाने. मात्र ते उपकरण दिवसाआड चालवले जाई. १९८७ मध्ये त्याची जागा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हवामान-उपग्रहांनी घेतली, आणि दोन्ही उपकरणे एकाच वेळी चालू होती ती अवघे सहा आठवडे. चार दशकांच्या आलेखातला हा सांधा त्या सहा आठवड्यांवर टेकला आहे. अशा सांध्यांचे काम पार्किन्सन, कॅव्हॅलिएरी, ग्लोरसन, कोमिसो, झ्वाली यांच्या गटाने केले. त्यात शोधाचा क्षण म्हणावा असा एकही प्रसंग नाही. असा विषय शिकवणे कठीण जाते, हे आम्हाला मान्य आहे.

मोजण्याची व्याख्याही पाहायला हवी. समुद्र सुमारे २५ किलोमीटर बाजूच्या चौकटींत विभागतात. ज्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ, ती सगळी 'विस्तारा'त धरतात. म्हणजे १६ टक्क्यांची चौकट पूर्ण ६२५ चौरस किलोमीटर मोजली जाते आणि १४ टक्क्यांची शून्य. हा अन्याय वाटेल. परंतु उन्हाळ्यात बर्फावर वितळपाण्याची डबकी साठतात, ती उपकरणाला उघड्या समुद्रासारखी दिसतात आणि टक्केवारी चुकते. 'आहे की नाही' एवढाच प्रश्न विचारला, तर ही चूक कमी त्रास देते. विस्ताराने जाडी मात्र कळत नाही. पार्किन्सन यांच्या बहुतेक आकड्यांवर ही अट लिहिलेली असते, वर्तमानपत्रांतल्या बातम्यांमधून ती गळते. आणखी एक अट आपल्या दृष्टीने महत्त्वाची. २५ किलोमीटरच्या चौकटीत हिमालयाची एक अख्खी दरी हरवते. म्हणून आपल्याकडच्या हिमनद्यांसाठी बारीक चौकटीच्या प्रतिमा लागतात. अनिल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांचे क्षेत्र १९६२ नंतर २१ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्ये दाखवले, ते भारतीय दूरसंवेदन उपग्रहांच्या प्रतिमांवरून. तो हिशेब वेगळ्या मापाचा आहे. शिवाय हिमनदी जमिनीवर असते, ती वितळली की समुद्रात पाणी वाढते. सागरी बर्फ आधीच तरंगत असतो, तो वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही. पेल्यातल्या बर्फाचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, तरी उत्तरपत्रिकांत ही गल्लत दरवर्षी दिसते.

आता २०१९ च्या निबंधाकडे वळू. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. त्यात १९७९ ते २०१८ अशी चाळीस वर्षांची अंटार्क्टिकाची नोंद आहे. सारांश असा: तीन दशकांहून अधिक काळ तिथला सागरी बर्फ हळूहळू, अडखळत वाढला. २०१४ मध्ये वार्षिक सरासरी विस्तार १२८ लाख चौरस किलोमीटर झाला, हा उच्चांक. मग तो असा कोसळला की २०१७ मध्ये १०७ लाखांवर, चाळीस वर्षांच्या नीचांकावर आला. तीन वर्षांत २१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सात महाराष्ट्र. एवढी घट व्हायला आर्क्टिकमध्ये पूर्ण तीन दशके लागली होती.

निबंधाच्या शीर्षकातच हे आले आहे की अंटार्क्टिकाच्या घटीचा वेग आर्क्टिकपेक्षा कितीतरी जास्त होता. आमचा आक्षेप इथे आहे. उच्चांकापासून नीचांकापर्यंत ओढलेली तीन वर्षांची रेघ आणि तीन दशकांचा कल यांची तुलना करणे कितपत योग्य? अतिवृष्टीच्या वर्षापासून पुढच्या दुष्काळी वर्षापर्यंत रेघ ओढली, तर कोणत्याही तालुक्याचा पाऊस 'झपाट्याने संपत' असलेला दाखवता येईल. २१ लाखांना तीनने भागले की वर्षाला सात लाख येतात. ते आर्क्टिकच्या ३४,३०० च्या वीसपट आहेत. हा भागाकार बरोबर आहे, पण त्यातून विद्यार्थी जो अर्थ काढेल तो चुकीचा. तीन वर्षांचे कल आर्क्टिकच्या आलेखातही बरेच तीव्र मिळतील. शीर्षक असे नसते, तर निबंध इतका वाचला गेला नसता, हे आम्हाला कळते. तरीही शिक्षकाने ते फळ्यावर लिहू नये.

निबंधाच्या आत मात्र पार्किन्सनबाई शीर्षकापेक्षा फार काटेकोर आहेत. त्या लगेच सांगतात की चाळीस वर्षांचा एकत्रित कल अजूनही वाढीचाच आहे: वर्षाला ११,३०० चौरस किलोमीटर, अधिक-उणे ५,३००. तीन गोव्यांइतका बर्फ दरवर्षी जास्त! आणि हा कल २०१४ पर्यंतच्या कलाच्या निम्मा उरला आहे, हेही लगेच सांगतात. आता त्या 'अधिक-उणे'कडे पाहा. आर्क्टिकमध्ये अनिश्चितता आकड्याच्या सुमारे एक दशांश होती, इथे ती जवळजवळ निम्मी आहे. एक कल ठाम आहे आणि दुसरा डळमळीत, हे कुठल्याही विशेषणाशिवाय कळते. अंटार्क्टिकाचे पाच विभाग त्यांनी वेगळे तपासले. चार सर्वसाधारण चित्राशी जुळतात. बेलिंग्सहाउसेन-अमुंडसेन समुद्राचा पाचवा विभाग उलट वागतो. तिथे तीन दशके घट, २००७ मध्ये नीचांक आणि नंतर वाढ. एखाद्याने हा अडचणीचा विभाग परिशिष्टात ढकलला असता. इथे तो सारांशात आहे.

हे सगळे का घडले, याचे उत्तर निबंध देत नाही. काहींना हे उणेपण वाटेल. आम्हाला वाटते, इथेच बाईंची शिस्त दिसते. वाढत्या बर्फाच्या पस्तीस वर्षांत त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी ओढ असणार. तापमानवाढ नाकारणाऱ्यांना तो आलेख हवा होता, मानणाऱ्यांना तो नको होता. त्यांनी आकडे कोणाच्याही सोयीसाठी झाकले नाहीत. २०१० च्या 'कमिंग क्लायमेट क्रायसिस?' या पुस्तकात हवामान दुरुस्त करण्याच्या महाकाय योजनांपासून त्यांनी सावध केले आहे. त्याच्या नावातले प्रश्नचिन्ह मात्र आज वाचताना खटकते.

निबंधानंतर आकडे थांबलेले नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाचा उन्हाळी विस्तार सुमारे १७.९ लाखांवर उतरला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरचा हिवाळी उच्चांक १६९.६ लाखांवरच अडला, उपग्रह-नोंदींतील सर्वांत कमी. २०१७ चा वार्षिक नीचांकही मोडला. चाळीस वर्षांचा तो डळमळीत चढता कल पुसट होत गेला. शीर्षकातला इशारा अतिरंजित होता, असे आता म्हणवत नाही. आमचा आक्षेप गणिताचा आहे, तो तसाच राहतो.

राहिला 'वुमेन ऑफ गोडार्ड'. पार्किन्सन, पामेला मिलर आणि मिशेल थॅलर यांनी संपादित केलेल्या या पुस्तकात गोडार्ड केंद्रातील स्त्रियांच्या छोट्या ओळखी आहेत आणि ते विद्यार्थ्यांसाठी आहे. मादाम क्यूरींच्या धड्यापलीकडे ज्या वर्गात स्त्री-शास्त्रज्ञ पोचलेली नाही, तिथे ते उपयोगी पडेल. अर्थात संस्थेने स्वतःच काढलेल्या पुस्तकात संस्थेच्या उणिवांचा हिशेब शोधू नये. आपल्याकडे बर्फाशी जोडलेल्या स्त्रिया म्हटल्या की १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत अंटार्क्टिकाला गेलेल्या सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपूरला जन्मलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अदिती पंत आठवतात. आठवायलाच हव्यात. पण त्यांच्या कथेत जहाज आहे, वादळ आहे, 'पहिली' हा शब्द आहे. टेबलाशी बसून चाळीस वर्षे एकच आलेख चोख ठेवणारीची कथा कशी सांगायची, याचा नमुना आपल्याकडे अजून नाही. पार्किन्सन १९९३ मध्ये अ‍ॅक्वा या उपग्रहाच्या प्रकल्प-शास्त्रज्ञ झाल्या. तो उडाला मे २००२ मध्ये, म्हणजे मध्ये नऊ वर्षे गेली. त्याचे अपेक्षित आयुष्य सहा वर्षांचे होते, तो वीसहून अधिक वर्षे टिकला. त्यावरचे बर्फ मोजणारे जपानी उपकरण मात्र ऑक्टोबर २०११ मध्ये बंद पडले.

त्याचा वारस मे २०१२ मध्ये जपाननेच पाठवला, आणि तो आता महत्त्वाचा ठरला आहे. कारण १९८७ पासून ज्या उपग्रहमालिकेवर ही नोंद चालली, तिची माहिती देणे थांबवण्याची घोषणा अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२५ मध्ये केली आणि मग मुदत सप्टेंबर २०२६ पर्यंत वाढवली. वहीला पुन्हा एक सांधा येणार. फक्त या वेळी जुना आणि नवा मापक शेजारीशेजारी चाललेला काळ सहा आठवड्यांचा नाही, तेरा वर्षांचा आहे.